निळ्या टोपीचे पाहुणे

"पक्षी ओळखायला पुस्तक कशाला लागतं? रंग ओळखता आला की पक्षी ओळखला!"

हे वाक्य रंगकाकांनी भर जेवणात उच्चारलं, आणि तेही व्याह्यांच्या घरी, व्याह्यांच्याच ताटात जेवत असताना! व्याही म्हणजे त्यांच्या सूनबाईचे वडील, निवृत्त शाळा तपासनीस आणि पक्षीनिरीक्षण मंडळाचे तहहयात अध्यक्ष. आयुष्यभर त्यांनी मास्तर लोकांना एकच प्रश्न विचारला होता: "कशावरून?" निवृत्तीनंतर मास्तर संपले, पण प्रश्न शिल्लक राहिला. आता तो ते पक्ष्यांना आणि नातेवाइकांना विचारायचे.

"कशावरून?" व्याही म्हणाले.

"माझ्या डोळ्यांवरून!" रंगकाकांनी पाण्याचा पेला खाली आपटला. "परसात दाणापेटी टांगतो. जो पक्षी येईल त्याचं नाव सांगतो. चुकलो तर तुमच्या मंडळात सतरंज्या उचलीन!"

काकूंनी कपाळाला हात लावला. नवऱ्याच्या तोंडून निघालेली पैज आणि नळातून सुटलेलं पाणी परत आत जात नाही, हे त्यांना संसाराच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं.

आता रंगकाकांना एवढा चेव का चढावा? तर त्याला कारण होतं. त्यांचं रंगांचं दुकान. त्या दुकानात त्यांचा जन्म गेला. गिऱ्हाईक तुटक्या कपाची कपची घेऊन यायचं, शर्टाचं बटण घेऊन यायचं, आणि काका एक डोळा मिटून त्याच्याकडे बघायचे, मग अचूक तोच रंग कालवून द्यायचे. एकदा एक बाई नुसतं वर्णन घेऊन आल्या. "माझ्या माहेरच्या दाराचा रंग हवाय." काकांनी त्यांना दारावर ऊन सकाळचं पडायचं की संध्याकाळचं एवढंच विचारलं आणि रंग कालवला. डब्यात डोकावून बाई रडायलाच लागल्या! आणि प्रत्येक डब्याबरोबर काका एक उपदेश फुकट द्यायचे: "रंग शेवटी डिंकावर उभा असतो. डिंक विसरलात, तर टेकाल ती भिंत पाठीवर घेऊन फिराल!"

मग दुकानात यंत्र आलं. मुलानं आणलं. त्याला मुठीत मावेल एवढा एक सुटा डोळा होता. कशावरही टेकवला की पडद्यावर रंगाचा हिशेब उमटायचा आणि बाजूची नळी ठिबक ठिबक करत डबा भरून द्यायची. मुलगा प्रेमानं म्हणाला, "बाबा, खूप केलंत. आता तुम्ही आराम करा."

'आराम' हा शब्द काकांना शिवीसारखा लागला.

वर एक गंमत अशी, की त्याच सुमारास काका काकूंच्या स्वयंपाकघरासाठी हातानं एक निळा कालवत होते. काकूंनी सांगितलं होतं, "डोळ्याला गार वाटेल असा करा." काका रोज थोडं घालत, थोडं ढवळत, परत नाक मुरडत. त्यांचं काम असंच. रंग मनासारखा उतरेपर्यंत डिंकाला हात लावायचा नाही, डिंक अगदी शेवटी. तो शेवट यायच्या आधीच मुलानं हौसेनं यंत्राचा पहिला डबा आणला आणि एका दुपारी स्वयंपाकघर रंगवून मोकळा झाला! काकूंनी "छान" म्हटलं. त्यांचा डबा माळ्यावर गेला आणि ते परसातल्या पायरीवर येऊन बसले. तेव्हापासून त्यांना कोणी, 'काका, हा रंग कोणता हो?' असं विचारलं नव्हतं. काय दुखतंय ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण दुखत होतं.

म्हणून ती पैज. यंत्राला भिंती दिल्या, निदान पाखरं तरी माझ्याकडे राहू देत!

दाणापेटी काकांनी स्वतः केली. जुन्या कपाटाची फळी, चार खांब, वर छप्पर. छप्पर मुद्दाम बुटकं ठेवलं, कावळे-कबुतरं आत शिरून मेजवानी झोडायला नकोत म्हणून. लहान पक्ष्यानं मात्र जरा मान लववून आत जावं. "पाहुण्यांनी थोडं वाकून आलेलं बरं असतं," काका म्हणाले. बाहेरून लाकडाला झकास पॉलिश मारलं. छपराच्या आतल्या बाजूला माळ्यावरच्या डब्यांतलं काहीतरी उरलंसुरलं पाणी घालून ढवळून फासून टाकलं. आतून कोण बघतंय? पण वाया काही जाऊ द्यायचं नाही, हा बाणा!

पेटी टांगली. सुरुवातीला फक्त मुंग्या आल्या. मग एका सकाळी चिमण्यांचा थवाच उतरला.

"आल्या!" काका कुजबुजले. "अगं, बघ! पहिली, पाठीवर विटकरी, त्यात शेवग्याच्या शेंगेसारख्या रेघा. दुसरी मातकट, पण पोटाशी दुधाळ. तिसरी—"

"चिमणी," काकू निवडत्या सुपातून मान वर न करता म्हणाल्या.

"तिन्ही?"

"तिन्ही."

काका हिरमुसले. चिमणी ओळखून पैज कशी जिंकायची? पण दोन-तीन दिवसांनी ते चहाचा कप घेऊन पायरीवर बसले होते आणि दाणापेटीतून एक पक्षी बाहेर आला. अंग चिमणीचं, चाल चिमणीची, आवाज चिमणीचा. आणि डोक्यावर निळी टोपी!

कप पायरीवर तसाच राहिला. काका धावत आत. "निळी! निळी टोपी! अगं, बाहेर ये!"

काकू येईपर्यंत टोपी उडून गेली होती. पण तिच्या जागी दुसरी आली, तिच्या मानेपर्यंत निळं. मग एक साळुंकीएवढा धटिंगण पोटावर सरपटत आत घुसला आणि बाहेर आला तर पाठभर निळा पट्टा!

"तीन नव्या प्रजाती!" काकांचा आवाज चिरकला. "एकाच घराण्यातल्या! टोपीवाली, मफलरवाली आणि पट्टेवाला!"

"मला तर त्या जत्रेतून आल्यासारख्या दिसतायत," काकू म्हणाल्या.

पण काकांना एका गोष्टीनं पछाडलं. तो निळा! तो निळा त्यांनी कुठंतरी पाहिला होता. अगदी जवळून. जिभेवर नाव आहे आणि येत नाही, तसं झालं.

"कुठं बरं पाहिलाय हा?" ते जेवताना पुटपुटले.

"कुणाच्या तरी दारावर असेल."

"छे! दाराला असा निळा मी कधी दिलाच नाही."

"मग मागच्या जन्मी असेल. भात घ्या."

काकांना झोप लागेना. एवढा रंगातला बाप माणूस, आणि एका निळ्याचा पत्ता लागेना? डोळा खरंच म्हातारा झाला की काय? मुलगा म्हणाला तेच खरं की काय? त्यांनी उशी उलटी केली, सुलटी केली, आणि सकाळी उठल्या उठल्या व्याह्यांना फोन लावला.

"निळ्या डोक्याची चिमणी? अशक्य!" व्याही फोनवर गरजले. "कशावरून?"

"येऊन बघा!"

व्याही आले. अंगात मातकट सदरा, डोक्यावर मातकट टोपी, गळ्यात दुर्बीण, बगलेत उशीएवढं पुस्तक. पायरीवर बसले आणि अर्ध्या तासात त्यांच्या तोंडचा 'कशावरून' गळून पडला. समोर टोपीवाली दाणे टिपत होती!

व्याह्यांनी पुस्तक उघडलं. निळ्या डोक्याचा एक पक्षी सापडला, पण तो बर्फात राहणारा. दुसरा समुद्रावरचा. तिसऱ्याचं चित्र अगदी जुळत होतं, पण तो चिमणीच्या दुप्पट निघाला.

"पिल्लू असेल," काका म्हणाले.

"पिल्लू दाढी येईपर्यंत पिल्लूच राहतं का?" व्याही घाम पुसत म्हणाले. "अंग एका पानावर, डोकं दुसऱ्या पानावर! हा पक्षी पुस्तकाच्या बाहेरचा आहे, व्याही. याला नाव द्यावं लागेल."

"देऊ ना! मी पाहिला, नाव माझं."

"अध्यक्ष मी आहे."

"पेटी माझी आहे!"

"दोघांचे चहा गार झाले आहेत," काकू म्हणाल्या.

त्या दुपारी पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी परसात एकही निळा पक्षी नाही! सगळ्या साध्या, मातकट चिमण्या. काका वेडेपिसे. व्याह्यांनी मात्र फोनवर ताबडतोब निदान केलं: "स्थलांतर!"

"पावसानं?"

"संवेदनशील प्रजाती आहे."

ऊन पडलं, दोन दिवस गेले, पाहुणे परत हजर! फक्त आता टोपीवालीचं निळं जरा वाढलं होतं आणि मफलरवाली कुठं दिसेना. व्याह्यांच्या मते हा ऋतुबदलाचा पिसारा होता. काकांच्या मते ही टोपीवालीची थोरली बहीण होती. कोणालाच काही कळत नव्हतं, पण दोघंही ठामपणे बोलत होते, त्यामुळे काम पुढं सरकत होतं.

रविवारी सबंध मंडळ आलं. मातकट सदऱ्यांनी परस भरून गेला. कोणी वाळत घातलेल्या चादरीमागं लपलं, कोणी पाण्याच्या टाकीआड. सूनबाई सगळ्यांना चहा देत फिरत होती आणि दर वेळी एखाद्या झुडपाला चहा विचारून बसत होती. मुलगाही आला होता, रविवारी दुकान अर्धा दिवसच असतं म्हणून. दुकानातून परस्पर आल्यामुळं यंत्राचा तो छोटा डोळा त्याच्या खिशातच राहिला होता.

पक्षी आले आणि मंडळात उभी फूट पडली!

"टोपीवाला नर, साधी ती मादी!"

"साफ चूक! टोपीवाली मादी. नरांना कुठं एवढा नटण्याला वेळ असतो?"

"अहो, आत जाताना साधी होती, बाहेर आली ती टोपी घालून! मी स्वतः पाहिलं!"

"तुमची दुर्बीण पुसा!"

बिचारा तो सभासद खरं बोलत होता. पण मंडळाच्या सगळ्यात नवीन सभासदाचं कोण ऐकतंय?

व्याह्यांनी हात वर करून शांतता केली. "रंगाची नोंद हवी. नुसतं 'निळा' म्हणून चालणार नाही. व्याही, तुमची नजर मोठी ना? मग सांगा, कोणता निळा?"

सगळे मातकट चेहरे काकांकडे वळले. हीच ती वेळ! किती दिवसांनी कोणीतरी त्यांना रंग विचारत होतं! काकांनी एक डोळा मिटला. छाती भरून श्वास घेतला. आणि...

"हा... हा तो..." काकांना घाम फुटला. "मला माहीत आहे हो! पण आत्ता..."

"नाही सांगता येत?"

मुलानं मान खाली घातली. ते काकांना व्याह्यांच्या प्रश्नापेक्षा जास्त लागलं.

तेवढ्यात कुंपणापलीकडून किंकाळी आली! शेजारच्या नर्सबाई आपलं पांढरंशुभ्र मांजर काखेत घेऊन परसात घुसल्या. मांजराचं डोकं निळं! कान निळे, कपाळ निळं, एक मिशी निळी!

"काका! माझ्या सोनीला काय केलंत? कावीळ बघितली, गोवर बघितला, पण हे निळं कधी बघितलं नाही!"

मग चादरीमागून कोणीतरी हुंदका द्यावा तसं म्हणालं, "खाल्ला!"

"काय?"

"त्या मांजरानं पक्षी खाल्ला!"

"जगातली शेवटची टोपीवाली!" व्याही मटकन पायरीवर बसले. "नाव द्यायच्या आधीच!"

"माझी सोनी दूध-बिस्किटांवर आहे!" नर्सबाई कडाडल्या. "पक्षी खाल्ला तर रंग पोटात जाईल की डोक्यावर येईल? शिकलेली माणसं ना तुम्ही?"

हा मुद्दा बिनतोड होता. मंडळ डोकं खाजवायला लागलं. मांजरही.

"थांबा," मुलगा म्हणाला. त्यानं खिशातून यंत्राचा डोळा काढला. "निदान रंग तरी मोजू. उगाच वाद नको." आणि त्यानं तो मांजराच्या कपाळावर टेकवला. मांजरानं त्याच्याकडं असं बघितलं, की दुसरा कोणी असता तर माफी मागून घरी गेला असता. टक् आवाज झाला. मुलानं मोबाईलच्या पडद्यावर बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हा तर भिंतीचा रंग दाखवतोय."

"मांजर आहे ते!" नर्सबाई.

"यंत्र म्हणतंय, पांढऱ्यात निळा आणि किंचित हिरवा. बस्स. बाबा, तुम्ही बघा."

काकांनी पडद्यावरचा रंग बघितला. मग मांजर बघितलं. जवळ जाऊन, वाकून, एक डोळा मिटून, नाक जवळजवळ मांजराच्या नाकाला लावून बघितलं. आणि त्यांचा चेहरा उजळला!

"चुकलं!" काका ओरडले. "तुझं यंत्र चुकलं! यात काळ्याचा एक थेंब आहे! नुसता निळा-हिरवा असता तर डोळ्याला टोचला असता. तो थेंब पडलाय म्हणून बघ कसा गार वाटतोय!"

मुलानं परत यंत्र टेकवलं. परत तोच हिशेब. "बाबा, यंत्राला काळा दिसत नाही."

"त्याला कुठून दिसणार? तेवढासा थेंब! पण आहे. पैजेवर सांगतो, आहे!"

"कशावरून?" व्याही पायरीवरून उठून उभे राहिले.

"कशावरून म्हणजे? मी स्वतः घातला—"

काका थांबले.

त्यांचं तोंड उघडंच राहिलं. परसात कोणी हललं नाही. फक्त दाणापेटीत एक चिमणी शिरली, साधी, मातकट, आणि मान वर करून छपराला डोकं घासत दाणे टिपू लागली.

काकू शांतपणे उठल्या. पेटीपाशी गेल्या, तसा चिमणीनं पळ काढला, निळी टोपी घालूनच. काकूंनी छपराच्या आतून एक बोट फिरवलं आणि ते सगळ्यांसमोर धरलं. बोट निळं!

"अहो," त्या म्हणाल्या, "डिंक?"

काकांना तो माळा आठवला, तो डबा आठवला, घाईघाईनं घातलेलं पाणी आठवलं. आयुष्यभर अख्ख्या गावाला बजावलेलं वाक्य आठवलं. "राहिला," ते पुटपुटले.

नर्सबाई मांजर घेऊन निघून गेल्या. जाताना मांजरानंही मागं वळून बघितलं नाही. मंडळ एकेक करून चादरींमागून बाहेर पडलं आणि पांगलं.

"मला पहिल्यापासून संशय होताच," व्याही पुस्तक बगलेत मारत म्हणाले.

"कधीपासून?" काकूंनी विचारलं. "नाव द्यायच्या आधी की नंतर?"

व्याह्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि आकाशातलं काहीतरी महत्त्वाचं बघत बघत फाटकाबाहेर गेले.

काका पायरीवर बसून राहिले. खरं सांगायचं तर त्यांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. काकू शेजारी येऊन बसल्या. बोटावरचा निळा त्यांनी अजून पुसला नव्हता. त्या त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "हा माझ्या स्वयंपाकघरासाठी केला होता ना तुम्ही? छान गार आहे हो."

काकांनी खोकल्यासारखं केलं.

मुलगा मात्र माळ्यावर चढला, तो डबा खाली काढला आणि घेऊन दुकानात गेला. संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज जरा चमत्कारिक होता. "बाबा, यंत्राच्या हिशेबानं केला, तो डब्यातल्या रंगाशी जुळेना. मग काळ्याचा एक थेंब टाकला. जुळला." मागं डब्याचं झाकण बसवल्याचा आवाज आला. "उद्या दुकानात याल का? लोक जुन्या दारांचे, जुन्या कपाटांचे रंग घेऊन येतात. यंत्र नुसतं जवळपास फिरतं. तुम्ही हवे आहात."

"जा," काकू मागून म्हणाल्या. "पण डिंक दुसऱ्या कोणाला घालू द्या."

दुसऱ्या दिवशी काका लवकर उठले. कामाला लागण्यापूर्वी दाणापेटीचं ते छप्पर खरवडून स्वच्छ करायचं त्यांनी ठरवलं होतं. पक्ष्यांचे हाल नकोत आणि मांजराशी वैर तर मुळीच नको. बुटक्या छपराखाली डोकं घालून त्यांनी ते मन लावून खरवडलं. मग हात धुतले, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि निघाले. आरशात बघायला कोणाला वेळ होता?

रस्त्यात सगळे त्यांच्याकडे बघून हसत होते. दूधवाला हसला, न्हावी दुकानाबाहेर येऊन हसला, नर्सबाई तर हसता हसता फाटकाला टेकल्या. काकांना भरून आलं. आपण दुकानात परत चाललो याचा लोकांना एवढा आनंद! त्यांनी दोन्ही हातांनी नमस्कार करत करत रस्ता पार केला. पलीकडच्या फुटपाथवर व्याही सकाळचं फिरायला निघाले होते. काकांना बघून ते जागीच थबकले आणि सवयीनं त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली.

दुकानात शिरताच मुलगा काकांच्या पांढऱ्या केसांकडे बघतच राहिला. मग त्यानं यंत्राचा डोळा उचलला आणि अलगद वडिलांच्या डोक्यावर टेकवला.

टक् आवाज झाला. मुलानं पडदा त्यांच्याकडे वळवला. या वेळी हिशेब काळ्याच्या थेंबासकट बरोबर आला होता आणि वर, त्यानं रात्री भरून ठेवलेलं नाव दिसत होतं: 'बाबांचा निळा'.

"ओळखलं!" काका अभिमानानं म्हणाले आणि मग त्यांचा हात हळूच डोक्याकडे गेला.